गाळलेला परिच्छेद

दादा, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि अजून माणसं भेटायला येतायत. मिल्टनमधली, मिसिसॉगाची, दोघंतिघं तर वॉटर्लूहून, माझ्या ऑफिसातली. दाराशी बूट काढतात, सोफ्यावर टेकतात, प्राजक्ता चहा आणते, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "मंदार, आतेभावासाठी एवढं कोण करतं? सख्ख्याने केलं नसतं." मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, दुःखाने घातली.

उठून जाता येत नाही. आपल्याच घरात, आपल्याच सोफ्यावर मी अडकून बसतो आणि ते कौतुक ऐकून घेतो. एकदा मी कप उचलायच्या निमित्ताने किचनमध्ये पळालो, तर प्राजक्ता मागे आली. म्हणाली, "बाहेर जा. बसून ऐक." ती चिडलेली नव्हती. पण तिला सगळं माहीत आहे, आणि तुलाही माहीत होतं. तुझ्याशी ते बोलायचं राहिलं, म्हणून लिहितोय.

तू इथे कॅनडात आलास तो मार्चचा शेवट. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग उरले होते. एअरपोर्टवर तू एक छोटी बॅग घेऊन बाहेर आलास. डावा हात कोपरातून नीट सरळ होत नव्हता. पहिलं वाक्य काय म्हणालास, तर "मंद्या, परतीचं तिकीट आहे हं माझं. काळजी करू नकोस." आम्ही घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला ये म्हणून तुझा व्हिजिटर व्हिसा काढला होता. तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर आहे म्हणून तू आला नाहीस. तो व्हिसा असा कामी येईल असं आपल्या कुणाच्याच मनात नव्हतं.

हाताचं मला फोनवर अर्धवट कळलं होतं. सगळं तू दुसऱ्या दिवशी सांगितलंस, किचनच्या टेबलाशी, फळ्यावर गणित मांडावं तसं, पायरी न गाळता. रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. जात सोडून लग्न करणाऱ्या पोरांना दोन मित्र कसेबसे मिळतात, तिसरा मिळत नाही. तुमच्या तालुक्याच्या गावात तो तिसरा तू व्हायचास. वहिनी गेल्यावर तर कुणी अडवणारंही उरलं नव्हतं. रजिस्ट्रार ऑफिसातला क्लार्क तुला 'परमनंट साक्षीदार' म्हणायचा, हे सांगताना तू हसलास. शेवटचं लग्न तुझ्याच एका विद्यार्थिनीचं. तिचे भाऊ वाळूच्या धंद्यातले, वरपर्यंत ओळखी असलेले. लग्नानंतर ती दोघं कुठे गेली ते फक्त तुला माहीत होतं. भावांनी पत्ता मागितला. तू दिला नाहीस. त्यांनी हात मोडला. तू पोलिसांत गेलास, तर तिथला साहेब म्हणाला, "सर, पत्ता देऊन टाका की. विषय संपेल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नाही दिला."

त्यानंतर तू पुण्यात आमच्या घरी आलास, आईबाबांकडे. तीन आठवडे होतास. एका दुपारी दोन माणसं आली. आईने दार उघडलं, तू मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या आड उकिडवा बसलेला. आई म्हणाली, आला होता, पण गेला, कुठे ते ठाऊक नाही. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. आणि जाताना अगदी अदबीने म्हणाले, "काकू, तुमचा मुलगा कॅनडात असतो ना? नातही आहे म्हणे." एवढंच. पुढच्या आठवड्यात तू विमानात बसलास.

हे तू सांगत होतास तेव्हा पलीकडच्या खोलीत इरा मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलत होती, खिदळत होती. माझी अकरा वर्षांची मुलगी. मला आठवतंय, मी उठून तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. कशासाठी ते सांगता येत नाही. इथे, मिल्टनमध्ये, कोण येणार होतं?

परतीच्या तिकिटाची तारीख आली आणि गेली. शाळेतला तुझा शिपाई फोनवर सांगायचा, "सर, अजून विचारतात. येऊ नका." व्हिसावर राहायचे सहा महिने संपत आले. तेव्हा ठरलं की रिफ्युजी क्लेम करायचा, या देशाकडे आसरा मागायचा. आणि त्याच संध्याकाळी पहिला वाद झाला.

प्राजक्ता म्हणाली, "वकील करूया."

"फॉर्मच तर आहे," मी म्हणालो.

दादा, माझा तोरा तुला माहीत होता. आमचा पीआर, इथे कायम राहायचा परवाना, मी स्वतः केला, वकील नाही, एजंट नाही. नंतर मित्रांचे केले, त्यांच्या आईवडिलांचे व्हिसा केले. 'मंदारला विचार' असं आमच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी लिहितं. मी रात्रंदिवस कोडमधल्या चुका शोधणारा माणूस. सरकारी वेबसाइट वाचून फॉर्म भरणं म्हणजे माझ्या हातचा मळ. मला खरंच वाटत होतं की वकील म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांची सोय.

"पीआरला तू मार्कशीट जोडतोस," प्राजक्ता म्हणाली. "इथे माणसाला समोर बसवून प्रश्न विचारणार आहेत. आणि सरकारकडून वकील मिळतो अशा केसला. मी चौकशी केलीये."

"सरकारी मदतीच्या रांगेत दादाला उभं करायचं? मी असताना?"

तू मेथी निवडत होतास. मान वर न करता म्हणालास, "मंद्या, मला वाटतं वकील असावा."

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

"तसं नाही रे. तू मला ओळखतोस. मला न ओळखणारा कुणीतरी हवा. ओळखीचा माणूस प्रश्न विचारत नाही, समजून घेतो. मग राहून जातं."

मी हसलो. म्हणालो, "सर, हा वर्ग नाही. मी सांभाळतो." तू मेथीच्या काड्या गोळा करून कंपोस्टच्या डब्यात टाकल्यास.

आता कळतं की तू वाद का घातला नाहीस. ज्याच्या घरात झोपतो, ज्याच्या टेबलावर जेवतो, ज्याच्या गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, त्याला नको कसं म्हणायचं? सुट्टीत आमच्याकडे येऊन बीजगणित माझ्या डोक्यात उतरवणारा तू, ज्याच्यामुळे मी इंजिनिअर झालो, तो तू माझ्यापुढे गप्प बसलास. आणि मला वाटलं, दादाला पटलं.

तू तुझी हकीकत मराठीत लिहून दिलीस. इराच्या जुन्या वहीत, रेघा असलेल्या, चौदा पानं. अक्षर फळ्यावरचं. प्रत्येक लग्नाची तारीख, साक्षीदारांची नावं, मारहाणीच्या दिवशी कोण काय बोललं. पुण्याचं सगळं नवव्या पानावर होतं. आईचं नाव, बाबांचं नाव, सोसायटीचा मजला, पाण्याचा ग्लास.

इंग्रजी मी केलं. आणि नववं पान मी गाळलं.

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं ते सगळं आठवतं. मुख्य मुद्दा गावाचा आहे. निवेदन आटोपशीर हवं. हात मोडलाय, मेडिकल आहे, पोलिसांतली तक्रार आहे, पुरे झालं. फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं होतं की ही माहिती गुप्त राहते. मी ते दोनदा वाचलं होतं. तरी माझ्या आईबाबांची नावं, त्यांचा पत्ता, कुठल्यातरी सरकारी कागदावर, त्या माणसांच्या शेजारी, हे माझ्याने टाइप होईना. 'नातही आहे म्हणे' हे वाक्य इंग्रजीत करायला घेतलं आणि बोटं थांबली.

सही करण्याआधी मी तुला सगळं वाचून दाखवलं, इंग्रजीवरून तोंडी मराठी करत. तू डोळे मिटून ऐकत होतास, विद्यार्थी पाढे म्हणताना ऐकायचास तसा. शेवटी म्हणालास, "पुण्याचं आलं नाही."

"ते नको, दादा. फाफटपसारा होतो. उगाच मुद्दा बाजूला जातो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग पेन मागितलंस आणि सही केलीस.

हिअरिंगची तारीख यायला दीड वर्ष लागलं. दादा, त्या दीड वर्षाबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी चांगलं तेवढं सांगतो. तू थालीपिठं लावायचास आणि इरा ती मेपल सिरपबरोबर खायची. पहिल्या बर्फात तू एकट्याने सगळा ड्राइव्हवे फावड्याने मोकळा केलास, त्या एका धड हाताने, आणि शेजारच्या म्हाताऱ्याचाही करून आलास. वर्क परमिट आल्यावर वेअरहाउसमध्ये खोकी भरायला लागलास आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मोजणीतली चूक काढलीस.

वाईट मी सांगत नाही. तू फिरायला जायचास आणि आमच्या सबडिव्हिजनमध्ये हरवायचास, कारण सगळी घरं एकसारखी. "एका पोराने सोडवलं आणि बाकीच्यांनी कॉपी केलं," असं तू म्हणायचास. दोनदा मी तुला गाडी घेऊन शोधलं. दुसऱ्यांदा तू एका बंद गॅरेजसमोर उभा होतास, तेच आपलं समजून. धाकट्या बहिणीसारखी तुझी शाळेतली सहकारी बाई वारली तेव्हा तुला जाता आलं नाही. बेसमेंटमधल्या तुझ्या खोलीच्या छोट्या खिडकीतून वर फक्त लॉन दिसायचं, हिवाळ्यात तेही नाही. एकदा इराने जेवताना विचारलं, "काका, आर यू इल्लीगल?" वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं असणार. मी ओरडलो तिच्यावर. तू मला थांबवलंस आणि तिला म्हणालास, "नो बेटा. आय ॲम वेटिंग." आणि पोळीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसलास.

हिअरिंगला दोन आठवडे राहिले तेव्हा एका रविवारी प्राजक्ताने तो फॉर्म पहिल्यांदा पूर्ण वाचला. लॅपटॉप माझ्यापुढे फिरवला.

"पुणे कुठे आहे?"

मी सांगितलं. जे स्वतःला सांगितलं होतं तेच.

"पण ते विचारणारच ना, की गाव सोडून दुसऱ्या शहरात का नाही राहिलात? मीसुद्धा विचारेन. त्याचं उत्तर म्हणजेच पुणे. दहा दिवस आधीपर्यंत दुरुस्ती पाठवता येते, तूच सांगितलंस."

"आई घाबरेल."

"आईंना विचारलंस?"

"नाही."

"दादांना?"

मी लॅपटॉप मिटला. चार दिवस होते आपल्या हातात. मी रोज ऑफिसला गेलो, रोज परत आलो. पाचव्या दिवशी मला चक्क सुटल्यासारखं वाटलं, कारण आता काही करता येणार नव्हतं.

हिअरिंग व्हिडिओवर झालं, आपल्याच बेसमेंटमध्ये. तू इस्त्रीचा शर्ट आणि वहिनींनी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर घातलास. स्क्रीनवर तीन चौकोन. एकात निर्णय देणारी मेंबर, मधल्या वयाची शांत बाई. एकात मराठी दुभाषी. एकात तू, आणि तुझ्या शेजारी खुर्ची सरकवून मी. घरच्या माणसाला फी न घेता बाजू मांडता येते, म्हणून मी तुझा प्रतिनिधी म्हणून सही केली होती. बाई मला 'काउन्सेल', म्हणजे वकील, म्हणाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तू छान बोललास. लग्नांच्या तारखा तोंडपाठ, एकही चुकली नाही. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही भारतातच दुसऱ्या मोठ्या शहरात, उदाहरणार्थ पुण्यात, सुरक्षित राहू शकला नसता का?"

"पुण्यातच गेलो होतो. तिथेही आले ते."

"कुठे राहिला होतात?"

"नातेवाइकांकडे."

बाईंनी कागद चाळले. मागे गेल्या, पुढे आल्या. मग दुभाष्याचा आवाज आला, अगदी सपाट: "हे तुमच्या लेखी निवेदनात कुठेही नाही. का नाही?"

दादा, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी शेजारी होतो, आपले गुडघे एकमेकांना लागत होते. मान जराशी वळवली असतीस तर पुरे होतं. तू कॅमेऱ्याकडेच बघत राहिलास आणि म्हणालास, "विसरलो."

दुभाषी म्हणाला, "आय फरगॉट."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. आणखी थोडे प्रश्न झाले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "काउन्सेल, तुम्हाला क्लेमंटला काही विचारायचं आहे?" क्लेमंट म्हणजे तू.

मला विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं. तोंड उघडायची ती जागा होती, त्यासाठीच मला तिथे बसवलं होतं. मी म्हणालो, "नो क्वेश्चन्स."

स्क्रीन बंद झाल्यावर तू उठून चहा टाकलास. म्हणालास, "बाई सभ्य होती. दुभाष्याचं मराठीही चांगलं होतं." आणि माझ्या कपात साखर जरा जास्त घातलीस, मी परीक्षेहून आलो की घालायचास तशी.

निकाल नकाराचा आला. त्यातलं एक वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की ते आता वाचावं लागत नाही. क्लेमंटला सगळ्या लग्नांच्या तारखा न चुकता आठवतात; पुण्यात आपल्याला शोधत माणसं आली ही गोष्ट तो विसरेल यावर विश्वास बसत नाही. म्हणजे पुण्याची घटना नंतर जोडलेली. म्हणजे तो पुण्यात राहू शकतो. तुझ्या स्मरणशक्तीनेच तुला खोटं ठरवलं. ती वाक्यं मी मराठीत सांगितली तेव्हा तू मान डोलावलीस. "बरोबर आहे तिचं," म्हणालास. "तिच्यापुढे जे होतं त्यावरून उत्तर तेच येतं."

अपीलसाठी मग वकील केला. दीड वर्षापूर्वी प्राजक्ताने काढून ठेवलेल्या त्याच नंबरवर फोन करून, किचनर शहरातल्या एक बाई मिळाल्या. त्यांनी तुझी वही मागितली. तुझी मराठी वही, माझा फॉर्म नाही. ती भाषांतराला दिली. पुढच्या भेटीत त्यांनी पहिलाच प्रश्न मला विचारला.

"हे नववं पान कुणी काढलं?"

तू शेजारी बसला होतास. दुभाषी फोनवर होता. मी म्हणालो, "माझ्याकडून राहिलं." बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तुला बाहेर बसायला सांगितलं, कारण यापुढे मी तुझा प्रतिनिधी नव्हतो, साक्षीदार होतो.

"राहिलं की काढलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "चूक म्हणून लिहायचं असेल तर ती चूकच असली पाहिजे. खोटं मी दाखल करणार नाही. आणि एक सांगते, अपीलमध्ये नवीन पुरावा सहजासहजी घेत नाहीत. तरीही खरं काय ते कागदावर यायला हवं."

"पहिल्यांदाच तुमच्याकडे आलो असतो तर?" मी विचारलं.

"तर मी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता," त्या म्हणाल्या. रागाने नाही. रोजचं काम सांगावं तसं.

आईबाबांचंही प्रतिज्ञापत्र लागणार होतं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मंदार, आम्ही दोघंच असतो इथे. जिन्यात पावलं वाजली तरी तुझे बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. आमचं नाव नको रे घालू." मी तिला तोडून बोललो. तू मागे उभा होतास हे मला कळलं नाही. फोन माझ्या हातातून घेतलास आणि म्हणालास, "मामी, काही करायचं नाहीये तुम्ही. मी बघतो." फोन ठेवून मला म्हणालास, "त्यांना यात आणायचं नाही. हा माझा निर्णय आहे, तुझा नाही." एवढ्या वर्षांत तू माझ्याशी त्या आवाजात बोलला नव्हतास. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनाही तू तेच सांगितलंस.

म्हणून मग एकट्या माझं प्रतिज्ञापत्र. मी खरं सांगितलं. शपथ घेतली, सही केली. दोन पानं इंग्रजी: मी हा भाग जाणूनबुजून वगळला, क्लेमंटने त्याबद्दल विचारलं होतं, मी त्याची दिशाभूल केली. घरी येताना फोर-ओ-वन हायवेवर तासभर आपण गाडीत शेजारी होतो. मी तुला म्हणालो, "झालं काम." तू म्हणालास, "बरं झालं." आणि बाहेर ट्रक मोजत बसलास. मराठीत मी तुला एक शब्द सांगितला नाही. उद्या सांगू म्हटलं. मग वीकएंडला. मग अपीलचा निकाल आल्यावर.

तो यायच्या आत तू गेलास. एका शनिवारी सकाळी, लायब्ररीत, वर्तमानपत्र वाचता वाचता. मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलमध्ये दोन दिवस काढलेस, जागा झाला नाहीस. प्राजक्ता तुझ्या कानाशी बोलत होती. इरा तुला पाढे म्हणून दाखवत होती, एकोणतीसचा, मराठीत, चुकत चुकत. मी भिंतीला टेकून उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. पण मग तू ऐकतोयस की नाही ते कळलं नसतं, आणि तू ऐकणार नाहीस म्हणून मी सांगतोय असं झालं असतं.

वकीलबाईंनी कळवलं की क्लेमंट हयात नाही म्हणून फाइल बंद होईल. तू खरं बोलत होतास की नाही, हे आता या देशात कुणीच ठरवणार नाही. अस्थी नेण्यासाठी मी तिकीट काढलंय. त्यासाठी लागणारे कागद आठवड्याभरात मिळाले, कुणी एक प्रश्न विचारला नाही. आईला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. म्हणाली, "आधी घरी आण त्याला. एक दिवस इथे राहू दे." तिची चूक नव्हती. भीती तिलाही होती आणि मलाही. पण तिने ती तोंडाने सांगितली, आणि मी माझ्या भीतीला 'आटोपशीर निवेदन' असं नाव दिलं.

तीन दिवसांपूर्वी तुझी खोली आवरायला घेतली. कपाटात, पासपोर्टच्या झेरॉक्सखाली, वकीलबाईंच्या ऑफिसातून तुला आलेलं पाकीट होतं. अपीलमध्ये दाखल केलेल्या सगळ्या कागदांची प्रत त्यांनी तुला पाठवली होती, आणि त्यात माझं प्रतिज्ञापत्र. पाकीट सुरीने सरळ कापलेलं होतं. माझी दोन पानं बाकीच्या गठ्ठ्यातून काढून वेगळी टाचलेली. टपालाचा शिक्का तू जायच्या दोन महिने आधीचा.

म्हणजे तू वाचलंस. तुला माझ्याइतकं नसलं तरी पुरेसं इंग्रजी येत होतं. वाचून तू जिना चढून वर आलास, आणि त्यानंतर दोन महिने माझ्यासमोर बसून जेवलास. माझ्या गाडीचे विंटर टायर बदलून आणायची आठवण केलीस. मला सर्दी झाली तेव्हा काढा करून दिलास. मी आता एकेक दिवस आठवून बघतो, की त्यातला कुठला तो दिवस होता. सापडत नाही. माफ केलं होतंस, की मी येऊन सांगेन म्हणून थांबला होतास? दोन्हींत फार फरक आहे, दादा, आणि तो मला आता कधीच कळणार नाही.

तर आता मराठीत सांगतो. विसरला तू नव्हतास. नववं पान मी काढलं. आईबाबांसाठी काढलं असं मी प्राजक्ताला सांगितलं, शपथेवरही तसंच सांगितलं, आणि ते खरं आहे, पण पुरतं नाही. मला माझ्या मुलीला घेऊन दर दोन वर्षांनी त्या घरी जाता यायला हवं होतं. दार उघडं राहायला हवं होतं, माझं. तुझं बंद झालं तरी चालेल असं मी ठरवलं नव्हतं. पण मी तुला विचारलंही नाही. वकील मला नको होता तो फॉर्म सोपा होता म्हणून नाही. त्याने मला विचारलं असतं म्हणून.

काल केंब्रिजहून दोघं भेटायला आले. एक तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात असतो, दुसरा त्याचा मेव्हणा, तिशीचा, नागपूरकडचा, नुकताच आलेला. निघताना बूट घालता घालता मेव्हणा हळूच म्हणाला, "दादा, माझाही क्लेम करायचा आहे. तुम्ही भरून द्याल का? सगळे म्हणतात तुम्हाला जमतं."

"नाही," मी म्हणालो. "वकील करा."

"पण तुम्ही तर भावाचा स्वतःच..."

"हो. आणि त्यातलं एक पान मी लपवलं. तो खरं बोलत असून हरला, माझ्यामुळे."

दारात प्राजक्ता उभी होती, सोफ्यावर अजून चार माणसं होती. तो मुलगा एक बूट घालून तसाच वाकून राहिला.

आज सकाळी मी त्याला किचनरला घेऊन गेलो. गाडीत त्याने मला स्वतःची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, "मला नको." वकीलबाईंनी त्याला आत बोलावलं, तसा तो वळून म्हणाला, "तुम्ही चला ना. इंग्रजीचं जरा..."

"दुभाषी देतात त्या," मी म्हणालो. "जा तू."

दार लागलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. सुरुवातीला ताठ होती, मग तो पुढे वाकला, हात हलवायला लागला. बाई मधेच थांबवून काहीतरी विचारत होत्या आणि तो डोकं खाजवून पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. काय ते मला ऐकू येत नव्हतं. मी तासभर तिथेच बसलो.